धारची टीम नीमचच्या गटात

देवास
ता. ३ ऑक्टोबर १९७८

प्रिय विनूताईस,
शशीचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

आधी माफी. पत्र टाईप केलंय म्हणून मी भाव खाते आहे असं समजू नकोस. फत्तेसिंग भियांच्या टायपिंग क्लासची मशीन हिंदीची आहे, तिच्यावर ळ नाही. सगळे ळ मी मागून पेनानं घातलेत. ऱ्हस्व-दीर्घ तर शाळेत असतानाच जमलं नाही, आता नववी सोडून दोन वर्षं झाली. स्पीड इतकी कमी आहे की भिया म्हणतात, छोरी, तुझ्या एका ओळीत माझा एक चहा पिऊन होतो. तरी टाईपच करते, कारण पेन धरलं की कागदच फाटतो. रागानं.

ऐक काय झालं ते. ह्या साली तुमच्या मुलींच्या बास्केटबॉलची व्यवस्था इथल्या कॉलेजकडे आलीय. तिथले खेळाचे उमाशंकर सर कागद टाईप करायला आमच्या क्लासवर आणतात. विद्यापीठातली वीस कॉलेजं, पाच-पाचचे चार गट, एका गटाचे सगळे सामने एका गावात. ती यादी शनिवारी भियांनी मला छपाईच्या प्रती काढायच्या स्टेन्सिलवर टाईप करायला दिली. मी इतकी खूश होते! मला वाटलं धार आमच्याच गटात असणार, तू आमच्याकडे उतरणार, आईनं तर कोणती खोली द्यायची हे पण ठरवलं होतं, जशी काही आमच्याकडे चार खोल्या आहेत.

अ गट, देवास. उज्जैनच्या दोन टीम, देवासच्या दोन, नागदा. धार नाही. मला वाटलं माझी ओळ सुटली. मग ब गट, नीमच. नीमच, मंदसौर, जावरा, रतलाम आणि सगळ्यात खाली धार.

भूगोलात मला नेहमी काठावरचे मार्क. पण धार कुठे आणि नीमच कुठे हे मलाही कळतं, ताई. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, सकाळी निघालेलं माणूस जेवायला पोचतं. नीमचला म्हणजे आधी बसनं रतलाम आणि मग ती छोट्या लाईनची रखडणारी गाडी. जाऊन-येऊन चार दिवस.

उमाशंकर सर तिथेच स्टुलावर बसून चहा पीत होते. मी मान वर केली. ते म्हणाले, क्या हुआ, अक्षर समझ में नहीं आ रहा? मी मान खाली घातली आणि धार टाईप केलं. हे मी तुझ्यापासून लपवू शकले असते. लपवत नाही. कार्बन कॉपी सोबत आहे, छापलेला कागद तुमच्या कॉलेजात पोचायला आठवडा लागेल.

सरला मावशीला आणि काकांना नमस्कार. माझ्यावर चिडलीस तरी मला तोडू नकोस.

तुझी
शशी


धार
ता. ६ ऑक्टोबर १९७८

चि. शशीस,
अनेक आशीर्वाद, पण आज तोंडदेखले समज.

तुझं पत्र आलं आणि मी ते उभ्यानंच वाचलं. मग आईनं वाचलं, मग बाबांनी चष्मा लावून कार्बन कॉपी वाचली. शशे, तुझ्या ळ साठी मी तुला माफ केलं. त्या धारसाठी नाही. तू टाईप करत होतीस, तो माणूस तुझ्यापासून दोन हातांवर होता, आणि तू मान खाली घातलीस! शाळेत बाईंनी विचारलेलं येत असूनही बोलायची नाहीस, म्हणून नापास झालीस आणि घरी बसलीस. तेव्हा नुकसान तुझं एकटीचं होतं. आता माझं पण केलंस.

बाबांचं ऐक. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, देवास असतं तर जयवंती मावशीचं घर आहे, मी स्वतः बसमध्ये बसवून दिलं असतं. नीमचला आपलं कोणी नाही, परक्या धर्मशाळेत तीन रात्री मुलगी ठेवायची नाही. विषय संपला. तुझे काका विषय संपला म्हणाले की मग पेपर उघडतात, तुला माहीत आहे.

आणि मी एकटी नाही. आठ मुलींची टीम आमची. सीता मनावरहून येऊन इथे आत्याकडे राहते, तिच्या आत्यानं यादी ऐकली आणि विचारलं की नीमच हे राजस्थानात का? कल्पनाचे वडील सरदारपुरात, त्यांना तर ती बास्केटबॉल खेळते हेच अजून पूर्ण सांगितलेलं नाही. आणखी एकीचं लग्न ठरतंय. चार जणी कटल्या तर उरल्या चार. पाचाशिवाय मैदानात उतरता येत नाही, एवढं तरी तुला माहीत असेल.

माझ्यासाठी हे काय आहे ते तुला नीट सांगते, म्हणजे तुझी झोप उडेल. विद्यापीठाची टीम ह्या गटाच्या सामन्यांतूनच निवडतात. त्या टीमचं सर्टिफिकेट असलं तर शारीरिक शिक्षणाच्या कोर्सला सीट मिळते. बाबांनी शब्द दिलाय की सीट मिळाली तर शिकवतील. नाही मिळाली तर मनमाडचं एक स्थळ आहे, मुलगा रेल्वेत, नाक लांब. म्हणजे ह्या नोव्हेंबरात मी कोर्टवर उतरले नाही तर फेब्रुवारीत बोहल्यावर.

आणि मला विचारशील तर हे मुद्दाम केलेलं आहे. मागच्या साली आम्ही देवासला त्यांच्याच कोर्टवर दोन पॉइंटनी हरवलं होतं. तेव्हा त्यांच्या बाजूनं एक शिक्षक छत्री आपटत होते. तेच तुझे उमाशंकर सर असतील. आम्हाला खेळून हरवता येत नाही, म्हणून बसमध्ये बसवून हरवायचं!

तू त्यांना विचार. टाईप करून नाही, तोंडानं.

जयवंती मावशीला नमस्कार. आशीर्वाद द्यावेसे वाटतील अशी वाग.

तुझी
विनूताई


देवास
ता. १० ऑक्टोबर १९७८

प्रिय विनूताईस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आईनं मोठ्यानं वाचलं, पप्पांच्या समोर. घरी बसलीस ते वाक्य पण. मला कसं वाटलं असेल ते तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही. मला पण राग येतो, एवढंच. तू मोठी आहेस म्हणून सगळा राग तुझ्याच वाटणीचा नाही.

आता ऐक. छत्रीवाले सर ते नव्हेत. ते वेगळे होते, रिटायर झाले. उमाशंकर सर ह्याच जुलैत बदलून आलेत, तुमचा सामना त्यांनी पाहिलेलाच नाही. मी काल त्यांच्याकडे गेले होते. हो, मी. एकटी.

रविवारी मी बस स्टँडवर जाऊन पाटीवरचे सगळे टाईम उतरवून आणले. कंडक्टर विचारायला लागला, कहाँ जाना है बेटी? मी कुठेच नाही अशी मान हलवली, तर त्यानं दुसऱ्याला खूण केली की पोरगी घरातून पळून चाललीय. तरी उतरवले. मग क्लासवर एक कागद टाईप केला, धारहून कुठे किती तास, बदली कुठे, पहिली बस कधी, परतीची शेवटची कधी. दोन तास लागले मला त्या एका पानाला, त्याची कार्बन कॉपी सोबत आहे.

कॉलेजात सरांच्या टेबलावर तो कागद ठेवला. त्यांनी न बघता म्हटलं, हाँ हाँ, रख दे. आता तू असतीस तर बोलली असतीस. दुसरी कोणी असती तर निघून आली असती. मला बोलता येईना आणि निघताही येईना. मी तशीच उभी राहिले. त्यांनी दोन फॉर्म भरले, एका मुलाला रागावले, पान खाल्लं, परत वर बघितलं तर मी तिथेच. त्यांनी विचारलं फत्तेसिंगनं पैसे मागायला पाठवलं का, मी मान हलवली. आणखी एक घंटा गेला असेल. शिपाई पण हसायला लागला. शेवटी ते वैतागले आणि फक्त मी जावं म्हणून त्यांनी तो कागद वाचला.

वाचून म्हणाले, पण मी तर रेल्वे लाईन बघूनच गट केलेत, कोणालाच लांब पडू नये म्हणून! मोठ्या हौसेनं टाईमटेबलचं पुस्तक काढलं. त्याच्या पाठीमागे घडीचा नकाशा असतो ना रेल्वेचा, त्यावर त्यांनी लाल पेन्सिलीनं चार गोल काढलेत. सुंदर गोल, अगदी वाटी ठेवून काढल्यासारखे. म्हणाले, देख, इसमें क्या गलत है?

तेव्हा माझ्या तोंडातून एकच वाक्य निघालं. मी म्हटलं, सर, इसमें धार बता दीजिए.

त्यांनी बोट ठेवलं. इंदूरपासून महूकडे नेलं, परत आणलं, रतलामला नेलं. चष्मा काढला. धार त्या नकाशात नाहीच, ताई! तुमच्या धारला रेल्वे आहे कुठे? ज्या गावांना स्टेशन नाही, त्यांची नावं त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवली होती आणि ज्या गटात पाचवी टीम कमी पडली त्यात एकेक टाकून दिली. नीमचमध्ये एक जागा रिकामी होती. बस. एवढंच.

तू म्हणतेस वैर. वैर असतं तर निदान कोणी तुमचा विचार तरी केला असता. मला तर ह्याचाच जास्त राग आला, की कोणी मुद्दाम पण केलं नाही.

तर सर म्हणाले की देवासला सहा आणि नीमचला चार हे कागदावर बरोबर दिसत नाही. मी परत उभी राहिले. आता त्यांना कळलं होतं की ही उभी राहू शकते. म्हणाले, ठीक है, ठीक है, सुधरवलेली यादी दसऱ्यानंतर टाईप कर. म्हणजे तुम्ही आता आमच्या गटात, ताई. पहिला सामना तेरा नोव्हेंबरला.

मला वाटलं होतं की हे लिहिताना मला आनंद होईल. तुझं ते वाक्य आड येतं.

काकांना आणि मावशीला नमस्कार. तुझं मन साफ असेल तर पत्र टाक.

तुझी
शशी


धार
ता. १४ ऑक्टोबर १९७८

चि. शशीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, ह्या वेळेस खरे.

ते वाक्य मी परत घेते. पत्रात लिहिलेलं परत घेता येत नाही हे मला माहीत आहे, जयवंती मावशीचं वाचून झालंय, तरी पण घेते. तू दीड तास उभी राहिलीस! मी इथे सगळ्यांना सांगितलं. सीतानं विचारलं की ही तीच का, तू सांगायचीस ती, जी स्वतःच्या ताईच्या लग्नात पाहुणे आले की धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायची? मी म्हटलं हो, आता ती कोठी घेऊन बाहेर आलीय.

बाबांनी तुझ्या पत्रातलं बस टाईमचं पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, देवास असेल तर जा. पेपर न उघडता म्हणाले!

पण हा आनंद किती वेळ टिकला सांगू? प्रॅक्टिसला पोचेपर्यंत. तिथे आमच्या प्रिन्सिपॉलांनी बोलावलं आहे म्हणून निरोप. नीमचची छापील यादी आल्या दिवशीच त्यांनी उत्तर टाकलंय की धारची मुलींची टीम येणार नाही, नाव कमी करावं. आम्हाला विचारलं नाही, सांगितलं नाही. आठ मुलींपैकी एकीलाही नाही! मी विचारलं का, तर म्हणाले, तुमच्या घरचे पाठवणार नव्हतेच ना? मी म्हटलं आता देवास आहे, आता पाठवतात. ते म्हणाले, चिठ्ठी तर गेली.

शशे, खरं सांगते, त्यांना दुःख नव्हतं, सुटल्यासारखं वाटत होतं. मुली न्या, सोबत एक बाई शोधा, कोणी काही बोललं तर उत्तर द्या, ह्या सगळ्यातून माणूस सुटला. मुलांची टीम कबड्डीला चंबळपार गेली तेव्हा ह्यांनी स्वतः हार घातले होते. मी एवढी ओरडले की वर्गांतून मुलं बाहेर आली. सीता मला मागून ओढत होती आणि स्वतःही ओरडत होती. कल्पना रडली, पण रडत रडत तिनं त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता, तो मी काढून घेतला.

शेवटी ते इतकंच म्हणाले की पक्की यादी देवासहून निघेल. तिच्यात धारचं नाव असेल तर मी बाई देईन, बसच्या सवलतीचा दाखला देईन, पाठवेन. नाव नसेल तर परत ऑफिसात पाऊल टाकायचं नाही. टाईप केलेल्या यादीपुढे हा माणूस काही बोलत नाही. ती चिठ्ठी एव्हाना तुझ्या सरांच्या टेबलावर असेल. आमचं कोणाचंच तिथे काही चालत नाही. तू आहेस फक्त.

मी तुला बोल असं म्हणणार नाही. एकदा म्हणून बघितलं, ते फार वाईट म्हटलं. तुला जसं जमेल तसं.

तुझी, रागावलेली पण तुझ्यावर नाही,
विनूताई


देवास
ता. २१ ऑक्टोबर १९७८

प्रिय विनूताईस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

हे पत्र हातानं लिहिते आहे, कारण मशीनला हात लावायची सध्या मनाई आहे. का ते सांगते.

काल शुक्रवारी उमाशंकर सर क्लासवर आले. पक्की यादी आजच्या आज काढायची, पोस्ट सुटायच्या आत. फत्तेसिंग भिया त्यांच्या एका काकांच्या तेराव्याला शुजालपूरला गेलेले, क्लासवर मी आणि दोन शिकणाऱ्या मुली. सरांच्या हातात तुमच्या प्रिन्सिपॉलांची चिठ्ठी होती. म्हणाले, बघ, तुझ्या धारवाल्यांनीच नाव काढून घेतलं, मी काय करू? त्यांना वाईट वाटत नव्हतं. उलट आता देवासला पाच आणि नीमचला चार, झालं म्हणे थोडं तरी सारखं. धार सोडून टाईप कर.

मी स्टेन्सिल चढवलं. अ गट, देवास. उज्जैनच्या दोन, देवासच्या दोन, नागदा. मग मी धार टाईप केलं. मुद्दाम केलं, ताई, चुकून नाही.

सरांनी बघितलं. म्हणाले, लाल दवा लावून ते खोड. स्टेन्सिलवर चुकलं की लाल दवा लावतात, ती सुकली की वरून दुसरं टाईप करता येतं. बाटली माझ्या हाताशी होती. मी ती उचलली, बूच घट्ट लावलं आणि म्हणाले की मी खोडणार नाही. मोठ्यानं म्हणाले. दोन्ही मुलींच्या मशीन थांबल्या.

ते म्हणाले, तू कोण? मी म्हणाले की मी टाईप करणारी. ते म्हणाले की मग टाईप कर. मी म्हणाले की करते आहे, धार त्यात आहे. मग माझं तोंड कुठून उघडलं माहीत नाही. मी म्हणाले की पहिल्यांदा तुमच्या पुस्तकात धार नव्हतं म्हणून तुम्ही त्यांना नीमचला टाकलं, ते तुम्ही लाल पेन्सिलीनं केलं आणि मी काळ्या अक्षरांत केलं, मी तेव्हा काही बोलले नाही. त्या मुलींनी नाव काढलेलं नाही, त्यांना कोणी विचारलेलंच नाही. आठही जणी यायला तयार आहेत, त्यांच्या घरचे तयार आहेत, माझी आई अंथरुणं मोजून बसलीय. तुम्ही एकदा न बघता लिहिलं, त्यांच्या साहेबांनी न विचारता लिहिलं, आता मी कळून-सवरून नाही लिहिणार. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, काय बोलले ते मलाच नीट आठवत नाही. रडू येत होतं पण आलं नाही. राग होता ना, त्यानं धरून ठेवलं.

सर लाल झाले. म्हणाले, फत्तेसिंगला सांगून तुझा क्लास बंद करवतो. मग म्हणाले, उठ. मी उठले. ते स्वतः माझ्या स्टुलावर बसले.

ताई, त्यांना टायपिंग येत नाही! त्यांनी मशीनकडे बघितलं. एक बोट वर धरलं, ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, परत आणलं. अगदी नकाशावर फिरवलं होतं तसंच. त्या दोन मुलींपैकी एक फिस्सकन हसली. मी नाही हसले, देवाशपथ. पोस्ट सुटायला जेमतेम तास-दीड तास होता. ते उठले, रुमालानं बोट पुसलं आणि म्हणाले, रहने दे. जसं आहे तसं काढ. नाही आली तुमची टीम तर मी सगळ्यांसमोर तुझं नाव घेईन.

मी बसले आणि उरलेले तीन गट टाईप केले. एकही चूक झाली नाही. प्रती काढून वीस पाकिटं मी स्वतः पोस्टात टाकली, धारचं सगळ्यात आधी.

आज सकाळी भिया परत आले, त्यांच्या कानावर गेलंच होतं. म्हणाले, गिऱ्हाईकाशी असं बोलतात का, एक महिना मशीनला हात लावायचा नाही. आणि मग आत जाऊन मला चहा पाठवला. त्याचा अर्थ तूच लाव.

तर आता नीट वाच. तेरा नोव्हेंबर, सकाळी दहा वाजता, पहिलाच सामना, धार विरुद्ध देवास. आदल्या दिवशीच धारहून सहाची पहिली बस धरा, इंदूरला उतरून लगेच समोरची देवासची. आठ जणी या, सात नाही. सरदारपूरला कल्पनाच्या वडिलांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. माझं नाव सगळ्यांसमोर घेतलं जायचं असेल तर ते तुम्ही जिंकल्यावर घेऊ दे.

ते लांब नाकाचं स्थळ मला अजिबात आवडलेलं नाही, हे मी तोंडानं सांगते आहे असं समज.

सरला मावशीला आणि काकांना नमस्कार. माया होती तशीच ठेव, भांडणं थोडी कमी केलीस तरी चालेल.

तुझी
शशी

ता. क. आत्ताच आपले मार्तंडमामा आले. उदयनगरला त्यांच्या शाळेच्या कौलांवर अस्वल चढलं होतं म्हणे, दुपारपर्यंत उतरलं नाही, मुलांना सुट्टी दिली. आई म्हणाली, तुझ्यासारखंच दिसतंय.